ताईच्या कॉम्प्युटरवरची इंग्रजी

आधीच सांगून ठेवतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आणि ‘नव्हता’ लिहिलं म्हणून लगेच खाली "मग आता आहे का काका?" असं विचारायला येऊ नका. पूर्ण वाचा, मग बोला. अर्धं वाचून बोलायची सवय वाईट असते... मला ती महागात पडली आहे.

इथल्या ‘कॉम्प्युटरच्या अडचणी’ या धाग्यावर वर्षानुवर्षं तुमची अक्कल काढणारा तो मीच. माऊस हलत नाही? उलटा करून बघा, खालचा लाल दिवा लागतो का. पासवर्ड घेत नाही? कॅप्स लॉक. आकडे उमटत नाहीत? नम लॉक. "भूत कीबोर्डात नसतं, खुर्चीत बसलेलं असतं" हे वाक्यही माझंच, आणि त्यावर तुम्ही भरपूर हसलेले आहात. वर्ध्यात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. लोकांच्या घरी जाऊन कॉम्प्युटर बघायचा आणि निघताना चार शब्द सुनावून यायचे, असं माझं आयुष्य चाललंय. इथल्या एका साप्ताहिकात ‘घरचा कॉम्प्युटर’ म्हणून टिपाही लिहितो, फोटोसकट.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. शनिवार होता, दुपारचे दोन वाजले असतील. ठिकाण सिंदी (रेल्वे), माझ्या मोठ्या बहिणीचं घर.

घर बहिणीचं असलं तरी त्या उंबरठ्यावर मी नऊ वर्षांनी पाय ठेवत होतो, आणि तेही ती गेल्यावर. कारण सांगतो, लपवण्यासारखं काही नाही. ताई टायपिंगचा क्लास चालवायची. समोरच्या दोन खोल्यांत सहा मशीनी, प्रत्येकीवर तिने चिकटवलेली चिठ्ठी: ‘विनापरवानगी हात लावू नये’. सिंदी-सेलूकडच्या कितीतरी पोरी त्या मशीनींवर शिकून कचेऱ्यांत लागल्या. पुढे कॉम्प्युटर आले, पोरी येईनाशा झाल्या. ताई एकदा आठ दिवसांसाठी हिंगणघाटला आईकडे गेली होती. तेवढ्यात मी तिच्या सहाही मशीनी भंगारवाल्याला देऊन टाकल्या आणि त्यांच्या जागी माझ्या दुकानातला एक चांगला कॉम्प्युटर मांडून ठेवला. मला वाटलं, ताई खूश होईल. ताई आली, रिकामे टेबल बघितले आणि एवढंच म्हणाली, "विचारलं होतं का मले?"

त्यानंतर राखी आली नाही. फोन केला तर भाऊजी उचलायचे. कॉम्प्युटर मात्र तिने वापरला. पण मी शिकवणार होतो तसा नाही, तिच्या पद्धतीने.

ताई गेली फेब्रुवारीत. दोन महिन्यांनी भाऊजींचा फोन आला. भाऊजी शेतकरी माणूस, शाळा सातवीपर्यंत. मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतील, पण इंग्रजी दिसली की कागद बाजूला सारतील. फोनवर म्हणाले, "दिलीप, तुह्या ताईनं दवाखान्यात सांगतलं होतं, तुमच्यासाठी सगळं कॉम्प्युटरात लिहून ठेवलं आहे, पाहून घेजा. मी फाइल उघडली तं सगळी इंग्रजी निघाली."

मी म्हटलं फोटो पाठवा. त्यांनी मोबाइलवरून स्क्रीनचा फोटो पाठवला. तिरका, खालच्या कोपऱ्यात अंगठा आलेला. मी एक नजर टाकली. इंग्रजी कसली... नुसती अक्षरांची खिचडी. मध्येच अर्धविराम, मध्येच कंस, स्वल्पविराम, एका शब्दाला अर्थ असेल तर शपथ. मी सांगितलं, फाइल करप्ट झाली आहे, व्हायरस असेल, येतो.

त्या दुपारी पोचलो तेव्हा भाऊजींनी पाणी दिलं, चहाचं विचारलं नाही. आमच्याकडे याचा अर्थ सगळ्यांना कळतो. कॉम्प्युटर ताईच्या क्लासच्या खोलीतच होता. बसलो आणि कॅबिनेटला हात लावला तोच सणकन झटका बसला. अर्थिंग! जुन्या घरांत ते नसतंच. तुम्हालाही हज्जारदा सांगितलंय, अर्थिंग तपासा. चप्पल घातली आणि कामाला लागलो.

डेस्कटॉपवर एकच फाइल होती. उघडली, तीच खिचडी. खाली खाली गेलो, बरीच पानं होती, सगळीकडे तेच. मग कीबोर्ड बिघडलाय का ते बघायला कोरं नोटपॅड उघडलं. मी अजून एकही बटण दाबलं नव्हतं आणि स्क्रीनवर अक्षरं उमटायला लागली.

gkr ykow udks

हळूहळू नाही. कोणीतरी सरावाचा माणूस टाइप करतो तशी... एका लयीत, शब्द संपला की किंचित थांबून. मग खाली पुन्हा तेच. पुन्हा तेच.

बटण अडकलं असेल? अडकलं तर एकच अक्षर ओळीने येतं, शब्द येत नाहीत. मी कीबोर्डची वायर मागून उपटली. अक्षरं चालूच. नेट बंद केलं, म्हणजे भाऊजींच्या मोबाइलवरून येत होतं ते तोडलं. चालूच. माऊस काढून दुसरा लावला. ब्लूटूथचा तुकडा त्या डब्यात मुळात नव्हताच. स्क्रीनवरचा कीबोर्ड उघडा राहिलाय का बघितलं, तोही नाही. बाहेर एप्रिलचं ऊन भाजत होतं, कूलर घरघरत होता, मागे भाऊजी उभे होते, आणि मी भुताला नव्हे तर व्हायरसला आईबहिणीवरून शिव्या देत होतो. फोटो तेवढा काढला. तुमच्यातल्या काहींना आठवत असेल, त्याच संध्याकाळी मी तो इथे टाकला होता, "हा कुठला व्हायरस?" म्हणून. कोणी लिहिलं, "काका, चष्मा लावा." कोणी लिहिलं, "मांजर चाललं असेल कीबोर्डवरून." हसलात ना? ठीक आहे.

भाऊजी मागून म्हणाले, "काय म्हणून राह्यलं ते?"

"काही नाही म्हणत. घाण आहे. फॉरमॅट मारावं लागते."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळं पुसून नवीन टाकायचं."

"अन् तिनं लिहिलेलं?"

"भाऊजी, ते व्हायरसनं खाल्लं. त्यात काही उरलं नाई. फोटो वगैरे देतो काढून."

ते माझ्या खुर्चीजवळ आले. मग म्हणाले, "मले एक सांग. तिले माहीत होतं मले इंग्रजी येत नाई. मंग तिनं माह्यासाठी इंग्रजीत काऊन लिहिलं असंल? मरताना का चिडवाव माणसाले?"

त्या माणसाला दोन महिने हेच टोचत होतं. माझं लक्ष मात्र स्क्रीनकडे होतं. म्हटलं ना, अर्धं ऐकायची सवय.

लोकांना मी रोज सांगतो, फॉरमॅट मारायच्या आधी बॅकअप घ्या, फाइल बिघडलेली वाटली तरी घ्या. मी ताईचे फोटो पेन ड्राइव्हवर घेतले आणि ती एक फाइल घेतली नाही. करप्ट फाइल कशाला घ्यायची? व्हायरस सोबत यायचा. सेटअप सुरू करण्यापुरता कीबोर्ड लावला आणि पुन्हा काढून ठेवला, पुढचं सगळं माऊसने केलं. पार्टिशन उडवलं. नवीन विंडोज बसली. सरतेशेवटी ती तुमचं नाव विचारते ना, त्या चौकटीत ‘भाऊजी’ टाकायचं म्हणून मी कीबोर्डची वायर हातात घेतली. लावली नव्हती हो... हातात होती. आणि चौकटीत अक्षरं आली.

gkr ykoykp

या वेळी एकदाच. आणि थांबली. त्याचाही फोटो घेतला.

माझ्या जागी दुसरा कोणी असता तर घाबरला असता. मला राग आला. तळपायाची आग मस्तकात म्हणतात तशी. माझ्यासमोर, माझ्याच हाताने नवी केलेली डिस्क, आणि तरी हे? मी पेन ड्राइव्हमधलं दुसरं टूल काढलं, डिस्कच्या कानाकोपऱ्यात शून्यं भरणारं. ते एकदा चाललं की जगातला कुठलाच रिकव्हरीवाला तुमचं अक्षरसुद्धा परत आणू शकत नाही. तीनेक तास लागले. भाऊजी अंगणात खाटेवर जाऊन बसले. मग पुन्हा विंडोज टाकली, कीबोर्ड लावला, मराठीत ‘नमस्कार’ टाइप करून दाखवलं. एकही अक्षर आपोआप आलं नाही.

"झालं बघा क्लीन," मी म्हटलं. काय शहाणा होतो मी!

यानंतर महिनाभराने मला एका प्रतिज्ञापत्राचं काम निघालं. वर्ध्याला कोर्टाबाहेर टाइप करून देणारे बसतात, त्यांच्यात कुंदाबाई म्हणून एक आहेत. वयस्कर बाई, डोळ्यांवर जाड भिंग, बोटं मात्र विजेची. माझा कागद करता करता त्या करवादल्या, "पाहा नं भाऊ, पोरानं काल काय केलं त माहीत नाई, फॉन्टच उडाला. सारं अंग्रेजी दिसून राह्यलं. आता तुमचा कागद असाच आंधळा मारते, मंग घरच्या मशीनीवर नेऊन फॉन्ट बदलवते."

मी त्यांच्या स्क्रीनकडे बघितलं. तीच खिचडी होती. मध्येच अर्धविराम, मध्येच कंस.

"हे... हे मराठी आहे?"

कुंदाबाईंनी भिंगावरून माझ्याकडे तसंच बघितलं, जसं मी धाग्यावर तुमच्याकडे बघतो. "मंग काय चिनी आहे? जुन्या टायपरायटरचा कीबोर्ड आहे हा. बटनावर अंग्रेजी अक्षर, पण आम्ही दाबतो ते मराठीचं. फॉन्ट असला तं मराठी दिसते, नसला तं हे असं. तुमी कॉम्प्युटरवाले नं?"

मी कॉम्प्युटरवाला. आयुष्यभर मराठी टाइप करायची तर इंग्रजी अक्षरांवरून, नमस्कारच्या स्पेलिंगने. ते जुने फॉन्ट मी लोकांच्या कॉम्प्युटरमधून कचरा म्हणून काढत आलो. त्यात लिहिलेला मजकूर फॉन्टशिवाय कसा दिसतो, हे बघायची कधी वेळच आली नाही.

मोबाइल काढला. फोटोतली अक्षरं एकेक करून वाचून दाखवायला लागलो. "जी, के, आर..."

कुंदाबाईंनी डोळे मिटले आणि बोटं टेबलावर ठेवली. नुसत्या लाकडावर त्यांची बोटं चालली. अक्षरं त्यांना डोक्यातून आठवत नव्हती, बोटांतून आठवत होती. "ह... त... हात." पुढची अक्षरं सांगितली. "लावू." पुढची. "नको." डोळे उघडून म्हणाल्या, "हात लावू नको. कोनं लिहिलं हे?"

मी मोबाइलवर दुसरा फोटो उघडला, नावाच्या चौकटीचा. बोटं पुन्हा चालली. "हात... लावलाच." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली.

विनापरवानगी हात लावू नये. सहा मशीनींवर सहा चिठ्ठ्या होत्या.

पण खरा हादरा पुढे आहे. मला भाऊजींनी पाठवलेला तो पहिला फोटो आठवला. तिरका, अंगठा आलेला. फाइलचं पहिलं पान होतं ते. सगळी फाइल मी शून्यं भरून संपवली होती, पण ते एक पान माझ्या व्हॉट्सॲपमध्ये पडलेलं होतं. कुंदाबाईंना म्हटलं, ही अक्षरं जशीच्या तशी टाइप करून फॉन्ट लावून द्याल का? त्यांनी ती घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी छापून आणून दिली. कागद देताना माझ्याकडे बघितलं नाही. ताईचं ते पान असं आहे:

"अहो, हे तुमच्यासाठी. मी नसल्यावर कॉम्प्युटर पाहून घाबरू नका.

१) आधी भिंतीवरचं बटन, मग बॅटरीचं, मग डब्याचं. बंद करताना उलटं. डब्याला हात लावताना चप्पल घाला, झटका बसते.

२) माऊस अडकला तर आदळू नका. खालून पुसा.

३) काही अडलं तर बंद करा, चहा घ्या, चालू करा. बहुतेक वेळा तेवढ्यानंच होते.

४) तरी नाही झालं तर राहू द्या. दिलीपले बोलावू नका. तो आधी पुसते, मग विचारते.

५) हे सगळं जमलं की मग शेवटचं पान उघडा. तिथे तुमच्यासाठी"

पुढे भाऊजींचा अंगठा आहे.

तो कागद घेऊन मी सिंदीला गेलो. जायची हिंमत गोळा करायला चार दिवस लागले. भाऊजींना सगळं सांगितलं, मराठी होतं हेही सांगितलं. त्यांनी चष्मा लावला आणि कागद वाचला. सावकाश, ओठ हलवत. तिसऱ्या नंबरापाशी थोडेसे हसले. चौथ्यापाशी हसू गेलं. खाली येऊन थांबले, कागद उलटून पाठीमागे बघितलं. मागे कोरं होतं.

"शेवटचं पान?"

मी नाही म्हणून मान हलवली.

मला एक गोष्ट कळत नव्हती. म्हटलं, "भाऊजी, ताई असताना हे मराठी दिसत होतं ना? मग फॉन्ट गेला कुठे?"

भाऊजी उठले. कॉम्प्युटरच्या टेबलाचा खण उघडून एक कात्रण माझ्यापुढे ठेवलं. वर माझा हसरा फोटो, खाली माझीच टीप: ‘कॉम्प्युटर मंदावला आहे? फॉन्टची अडगळ काढा. ज्या फॉन्टचं नाव ओळखीचं नाही, तो बिनधास्त उडवा.’ ताई गेल्यावर कॉम्प्युटर हळू चालायला लागला म्हणून भाऊजींनी कात्रण समोर ठेवून, शब्दाला बोट लावून, एकेक पायरी केली होती. विंडोज स्वतःचे फॉन्ट कोणाला काढू देत नाही. त्यामुळे निघाला तो फक्त ताईने टाकलेला.

"तुह्याच पेपरातलं वाचून केलं, दिलीप," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. "अन् तिनं तं लिहून ठेवलंच होतं, तुले बोलावू नका म्हणून. मले ते वाचता आलं असतं तं म्या तुले बोलावलंच नसतं."

कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि दाराशी जाऊन उभे राहिले. मी निघालो.

आता तुमच्या प्रतिक्रिया येतील, मला माहीत आहे. "की-लॉगर होता." "रिमोटने कोणी करत असेल." "जुनी मॅक्रो असेल." "उन्हाचा भास." या सगळ्या शक्यता मी तुमच्या आधी, तुमच्यापेक्षा चांगल्या तपासल्या आहेत. नेट तुटलेलं होतं. मॅक्रो असती तर नव्या विंडोजमध्ये आली नसती. भास असता तर फोटोत उमटला नसता. आणि मला तोवर ती भाषा वाचता येत नव्हती, म्हणजे माझ्या मनाने ती बनवली म्हणावं तर तेही जमत नाही. डिस्क निघताना भाऊजींना विचारून नेली होती, ती तीन रिकव्हरीवाल्यांना दाखवली. तिघांनीही एकच विचारलं, इतकं स्वच्छ कोणी पुसलं?

साप्ताहिकातलं सदर मी बंद केलं. भाऊजींनी कॉम्प्युटर कापड घालून झाकून ठेवलाय, फोन ते उचलत नाहीत. मी तोच जुना फॉन्ट माझ्या कॉम्प्युटरवर टाकला आहे, रोज थोडा वेळ नोटपॅड कोरं उघडून बसतो. काही येत नाही. ताईचा स्वभाव मला माहीत आहे, एकदा बोलणं तोडलं की तोडलं.

कीबोर्ड काढलेला होता, वायर माझ्या हातात होती, आणि अक्षरं आली. तेवढं कसं झालं ते मला आजही कळलेलं नाही. बाकी सगळं कळलं.